विजयला कोणत्या गावी न्यायचं

त्या हिवाळ्यात आमची सिग्नल डिटॅचमेंट उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर होती. मी हवालदार. माझ्या हाताखाली नाईक विजय मेश्राम. दोघेही भिलाईचे, दोघांचेही वडील स्टील प्लांटमध्ये. मी जुनवानी वस्तीतला, तो सेक्टर ६ मधल्या कंपनीच्या क्वार्टरमधला. फौजेत राहूनच मी बी. ए. झालो, आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. परीक्षेच्या दिवसांत माझी टेलिफोन एक्स्चेंजवरची ड्यूटी विजयने केली होती. ते मी विसरलेलो नाही.

दिवस ठरलेला असे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, मग बॅटरी चार्जिंग, लाइन टेस्टिंग, खालच्या पोस्टशी रेडिओ चेक. संध्याकाळी बुखारीच्या, रॉकेलच्या शेगडीच्या, उबेला बसलो की विजय आमच्या शहराचं नाव कोण कसं घेतं ते करून दाखवायचा. पावर हाउसच्या बाजारातली भाजीवाली म्हणते भेलई. शेजारचे केरळी अंकल म्हणतात बिलाई. आणि आमचे पंजाबी सुभेदारसाहेब, तेही त्यांच्यासमोरच, पिलाई. साहेब हातातला मोजा त्याला फेकून मारायचे.

"मंग खरं कोणतं?" मी एकदा विचारलं.

"जो तिथं राहते, त्याचं खरं."

जानेवारीत टेलिफोनची लाइन तुटली. विजय दोन जवानांना घेऊन दुरुस्तीला गेला. दुपारी दीडच्या सुमारास सेटवर त्याचा आवाज आला.

"फॉल्ट मिल गया. जोड़ रहा हूँ. ओव्हर."

"रॉजर. जोड़के सीधा वापस. ओव्हर."

थोड्या वेळाने लाइन चालू झाली. ते सांगायला मी त्याला पुकारलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. वरून बर्फाचा कडा सुटला होता. दोन्ही जवान बर्फाखालून जिवंत बाहेर निघाले. विजय संध्याकाळी सापडला, तोवर तो गेला होता.

पार्थिव कुठे न्यायचं ते घरच्यांनी ठरवायचं होतं. तू तिथलाच आहेस, तूच विचार, असं आमचे कमांडिंग ऑफिसर, सीओसाहेब, मला म्हणाले. मी विजयच्या वडिलांना, मेश्रामकाकांना, फोन लावला. ते म्हणाले, भंडाऱ्याकडे, आपल्या गावी न्या.

"काका, सेक्टरमध्ये सारे त्याची वाट पाहून राहिले."

"क्वार्टर कंपनीचं हाय, बाबू. रिटायर झालो का खाली करा लागते. पोराची माती आपल्या गावातच पाहिजे."

"पण तो गावाले कधी राहिला?"

"मी राहिलो ना."

मी सीओसाहेबांना गावाचं नाव कळवलं.

पार्थिवासोबत मी गेलो. गावाने काही कमी पडू दिलं नाही. रस्ते झाडून ठेवले होते, साऱ्या घरच्या चुली बंद होत्या. पण विजयला ओळखणारं तिथे कोणी नव्हतं. भिलाईवाल्याचा पोरगा हाय म्हणे, असं बाया एकमेकींना सांगत होत्या. सेक्टरचे त्याचे मित्र गाडी करून आले होते. तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, एक सरदार. ते पाहुण्यांसारखे मागे उभे राहिले. बुद्धवंदना झाली. सलामी झाली.

पुढे काका रिटायर झाले. क्वार्टर सोडलं, पण गावी गेले नाहीत. काकूंचं मन तिथे लागत नाही, म्हणाले. आता ते माझ्या घराजवळ, जुनवानीतच भाड्याने राहतात. मीही पेन्शनवर आलो. विजयच्या स्मृतिदिनी मी त्यांना गाडीने गावी नेतो. काका समाधी स्वतः पुसतात, हार घालतात. संध्याकाळपर्यंत आम्ही परत निघतो.

यंदा परत येताना राजनांदगाव मागे पडलं.

"आपुन सारे भिलाईलेच राहिलो," काका म्हणाले. "त्याले एकट्याले तिकडं पाठवलं मी."