मुंग्यांचा काठ

गाठ मारून झाली की मावशी ती ओठांना लावून बघायच्या. मागावरचा एखादा धागा तुटला की त्याची दोन टोकं चिमटीत धरायच्या, अंगठा जिभेला लावायच्या, बोटांची काहीतरी हालचाल व्हायची आणि मग मान खाली घालून ती गाठ खालच्या ओठावरून हळूच फिरवायच्या. टोचली तर सोडायच्या. नाही टोचली तर "बसली" म्हणायच्या आणि धोटा पुन्हा फेकायच्या. बोटांना इतके घट्टे पडलेत की त्यांना आता काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

कामात मुरलेल्या माणसाकडे तुम्हीही कधीतरी असं चोरून पाहिलं असेल. मी दर शनिवारी पाहायचे.

धायरीत मुख्य रस्त्यापासून थोडं आत, एका शेतकरी कुटुंबाच्या जुन्या गोदामात आमचं हातमाग मंडळ भरतं. वीस-बावीस माणसं. निम्मी निवृत्त, निम्मी माझ्यासारखी आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसणारी. आम्ही स्कार्फ विणतो, टेबलावरच्या पट्ट्या विणतो आणि एकमेकांच्या विणकामाला छान म्हणतो. मी बोलायला फारशी नाही. मागांची खटखट चालू असली की कुणी कुणाकडून बोलण्याची अपेक्षा ठेवत नाही, म्हणून मला तिथे बरं वाटलं. मंडळाचे सचिव म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सर म्हणतात. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात सूचना आहे: "काम संपल्यावर माग पूर्ण रिकामा करून, पुसून ठेवावा. हे पुन्हा सांगितले जाणार नाही."

आमच्यात खऱ्या विणकर एकट्या मावशीच. त्या भंडाऱ्याकडच्या. नवरा गेल्यावर हडपसरला मुलाकडे आल्या, तेव्हा टेम्पोत घालून सासूचा माग घेऊन आल्या. मुलाच्या दोन खोल्यांत मागाला जागा कुठली? मंडळाने त्यांना कोपरा दिला आणि त्याबदल्यात त्या आम्हाला शिकवू लागल्या. दोन बस बदलून यायच्या. त्यांच्या बोलण्यात ळ नव्हता, तिथे र यायचा. एकदा त्यांनी डोरे दुखतात म्हटलं, तेव्हा सर म्हणाले, "डोळे म्हणा हो मावशी, डोरे काय?"

"डोरेच हायत माहे, सर," मावशी धोटा न थांबवता म्हणाल्या. "तुमच्यासारखे डोळे असते तं दिसलं नसतं काय?"

सर चष्मा काढून पुसत बसले. पण मावशींच्या डोळ्यांचं खरंच होतं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषधाचे थेंब त्या पदराच्या गाठीत बांधून आणायच्या आणि दुपारी मला म्हणायच्या, "पोरी, घाल." मी थेंब घालायचे. त्या छताकडे तोंड करून बसायच्या. त्या वेळात आमचं जे काय बोलणं व्हायचं तेवढंच.

तेव्हाच त्यांनी काठाचं सांगितलं. त्यांच्या साड्यांच्या काठात बारीक मुंग्यांची रांग असायची. काळ्या मुंग्या, एकामागे एक, पण सरळ नाही. मध्येच एखादी वळल्यासारखी. हा काठ त्यांच्या घरचा, दुसऱ्या कुणाच्या मागावर नसलेला. त्या घरातल्या बाया शेवटी मुंग्यांच्या काठाच्या साडीतच जातात. सासू तशीच गेली, आतेसासू तशीच गेली. मावशींनी जन्मभर त्या साड्या विणून विकल्या. स्वतःची मागे राहिली. आता मागावर होती ती मंडळाच्या प्रदर्शनासाठी.

"ही विकाची," त्या म्हणाल्या. "मंग माही."

मी असं बोलू नका म्हटलं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाला अशा वेळी काय म्हणायचं ते कुठल्याच भाषेत सुचत नाही. त्या हसल्या. नजर आहे तोवर ती साडी व्हायला पाहिजे, एवढंच, म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी साडी पुरी झाली. मावशींनी ती मागावरून उतरवून मंडळाकडे दिली आणि त्या मुलाबरोबर गावी गेल्या. मागाच्या पाठीमागे वीतभर लांबीचे धागे तसेच लोंबत होते. मळलेले, गाठीगाठींचे, फडक्याने जुड्या करून बांधलेले. प्रदर्शनाआधी काही पाहुणे मंडळ बघायला येणार होते. सरांनी सफाईचं काम वाटून दिलं. मावशींचा कोपरा मी मागून घेतला.

मला काहीतरी चांगलं करायचं होतं. नजर अधू झालेल्या बाईला वाकून माग साफ करायला लागू नये, इतकं साधं. आमच्या लहान मागांवर आम्ही प्रत्येक वेळी तसंच करतो. काम झालं की सगळे धागे काढायचे, माग पुसायचा, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून ओवायचं. मी अख्खी दुपार बसले. जुड्या सोडल्या, कात्रीने धागे कापले, फणीतून आणि त्यापुढच्या दोऱ्याच्या शेकडो फाशांमधून एकेक तुकडा ओढून काढला, फासे ब्रशने झाडले, लाकडाला तेल लावलं. सर येऊन बघून गेले आणि मंडळात एक तरी माणूस सूचना वाचतं म्हणाले. मला फार बरं वाटलं होतं. ते मला अजून आठवतं, ते बरं वाटणं.

प्रदर्शन संपल्यानंतरच्या शनिवारी मावशी आल्या. नवीन सूत घेऊनच आल्या होत्या, स्वतःच्या साडीचं. मागावर बसल्या आणि सवयीने हात मागाच्या पाठीमागे नेला. हात तिथे काही वेळ हवेत फिरला. मग त्यांनी फाशांवरून दोन्ही हात फिरवले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

बाजूच्या खोक्यात मी तुकडे ठेवले होते, ते त्यांनी चाचपडून मूठभर उचलले, टोकं ओठांवरून फिरवली आणि माझ्या दिशेला तोंड केलं.

"इतकं नीट तूच कापतं," त्या म्हणाल्या.

मला वाटतं मी हो म्हटलं. कदाचित म्हटलंही नसेल.

मग कळलं ते असं. त्यांच्याकडे माग कधी रिकामा करतच नाहीत. साडी उतरवली की मागे वीतभर धागे ठेवायचे आणि नव्या साडीचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठीने जोडायचा. नुसतं ओढलं की नवे धागे जुन्यांच्या वाटेने आपोआप त्याच फाशांतून पुढे येतात. गाठी मारायला डोळे लागत नाहीत, त्या मावशींनी अंधारातही मारल्या असत्या. मुंग्या वळायच्या कशा, कोणता धागा कोणत्या फाशातून जायचा, ते सगळं त्या वीतभर धाग्यांत होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं.

"पण तुम्हाला तर पाठ असेल ना?" मी विचारलं.

"सासूनं ओवलं होतं," मावशी म्हणाल्या. "मी लग्न होऊन आली तवा ओवलेलंच होतं. मी नुसती जोडत आली."

मी मंडळात आले तेव्हा त्यांची साडी अर्धी विणून झाली होती, म्हणून हे जोडणं मी कधी पाहिलंच नव्हतं. ही सबब मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिली आहे.

ती साडी प्रदर्शनात पहिल्याच सकाळी विकली गेली होती. घेणाऱ्या बाई कोण, कुठल्या, कुणालाच माहीत नव्हतं. मावशींनी गावी नणंदेला फोन लावला. नणंदेकडची साडी गोधडीत गेली होती आणि ती गोधडीही फाटून गेली होती. राहिले माझे फोटो. मंडळासाठी मी मावशींचे चौपन्न फोटो काढले होते आणि ते सगळे त्यांच्या हातांचे होते. सुरकुत्या, घट्टे, नखं सगळं स्वच्छ. काठ मागे धूसर. फक्त एका फोटोत अंगठ्याच्या आडून सात मुंग्या नीट दिसत होत्या. आठवी बोटाखाली होती.

मी त्या सात मुंग्या लॅपटॉपवर मोठ्या करून आलेखाच्या कागदावर उतरवल्या. सर घरून भिंग घेऊन आले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर भिंतीवरची सूचना नव्हती.

पहिल्या ओवणीला आम्हाला पाच शनिवार आणि पाच रविवार लागले. मी ओवायचे, मावशी शेजारी बसून आठवेल ते सांगायच्या. सासू म्हणायची, मुंगी वळते तिथं दोन धागे एकत्र. की तीन? त्या मध्येच थांबायच्या आणि तोंडातल्या तोंडात मोजायच्या. त्यांचे मराठी आकडे मला पटकन कळत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून एकोणऐंशी म्हणायच्या जागी माझ्या मनगटावर आधी सात, मग नऊ अशी टकटक करून सांगायच्या. एवढं सगळं झाल्यावरही त्यांना माझी अडचण दिसत होती.

वीतभर विणून झालं. मावशींनी काठ ओठांवरून फिरवला.

"हे ठिपके हाय," त्या म्हणाल्या.

पुन्हा सगळं काढलं. दुसऱ्यांदा ओवलं. तेही ठिपकेच निघाले. तोपर्यंत उन्हाळा सरत आला होता. एके दिवशी मावशींनी चहाचा कप टेबलाच्या कडेच्या बाहेर, हवेतच ठेवला. कप फुटला. त्या तशाच बसून राहिल्या, आणि आम्ही सगळे फरशी पुसायला इतक्या घाईने धावलो की कुणाला त्यांच्याकडे बघावं लागलं नाही. त्यानंतर मी त्यांना स्वारगेटहून बसमध्ये बरोबर घेऊन यायला लागले. त्या माझा दंड धरायच्या. पूर्ण रस्ता आम्ही धाग्यांबद्दल बोलायचो, जणू दुसरं काहीच बिघडलेलं नाही.

तिसऱ्यांदा ओवलं. वीतभर विणलं. मावशींनी काठ ओठांना लावला आणि या वेळी बराच वेळ लावून ठेवला. मला दिसत होतं, भिंगाशिवायही दिसत होतं, की मुंग्या एका रांगेत सरळ चालल्या आहेत, वळत नाहीत.

"ह्याच," मावशी म्हणाल्या. "ह्याच मुंग्या. बसली."

खरं सांगायचं तर माझ्या जीवात जीव आला. त्यांना तसं वाटतंय तर तसंच असेल, मला काय कळतं, असं मी ठरवून टाकलं.

त्या विणू लागल्या. आता शनिवारीच नाही, जमेल त्या दिवशी. मुलगा कामावर जाताना स्वारगेटपर्यंत सोडायचा, पुढे मंडळातलं कुणीतरी घेऊन यायचं. दिसत काहीच नव्हतं, हातावर चाललं होतं. आडवा धागा तुटला तरी त्यांना चार बोटं पुढे गेल्यावर कळायचं, मग तेवढं उसवायचं. दिवसाला वीतभर, कधी तेवढंही नाही. पूर्वी त्या कामात गुणगुणायच्या, आता दात आवळून विणायच्या. मी म्हटलं, मावशी, थोडं मी विणते. त्या नाही म्हणाल्या. आपली आपणच विणायची असते, म्हणाल्या. दुसरी कुणी विणली तर ती नुसती साडी.

निम्म्यावर आल्या तेव्हा खोकला सुरू झाला. दोन शनिवार आल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. आई पहाटे गेली. मंडळात आईचं काही कापड होतं का, ती शेवटी तेच विचारत होती.

मी धायरीला जाऊन साडी कापली, मागे वीतभर धागे ठेवून. रिक्षाने हडपसरला पोचले तेव्हा दारात माणसं जमली होती. मावशींना नवी साडी नेसवून झाली होती, दुकानातली, घडी नुकतीच मोडलेली कळत होती. आत बायकांमध्ये मला कुणी ओळखत नव्हतं. मी भिंतीला लागून उभी राहिले. पिशवीतलं कापड काढावं की नाही ते ठरेना. शेवटी एक म्हातारी बाई जवळ आली. ही मावशींची नणंद, कुणीतरी सांगितलं. पुण्यात डोळे दाखवायला म्हणून आठवडाभरापूर्वीच आली होती. तिने माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि हात पुढे केला.

तिने कापड उलगडलं, खिडकीपाशी नेलं, काठ उजेडात धरला. बराच वेळ बघितला. तिला अजून थोडंफार दिसत होतं.

"कोनं ओवलं हे?"

"मी."

"वहिनीनं पाह्यलं होतं?"

"हो. ह्याच मुंग्या म्हणाल्या."

तिने मान हलवली. "नाई. तुले बरं वाटावं म्हनून म्हनली असन. वहिनीले हा काठ झोपेतबी समजे."

मला वाटलं, आता ती ते कापड मावशींच्या अंगावर टाकेल. आखूड असलं तरी, चुकीचं असलं तरी. त्यांनी हाताने विणलेलं होतं. ते मला म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. बाहेर कुणीतरी उशीर होतोय म्हणालं, बायका बाजूला सरकल्या आणि नणंदेने कापडाची नीट चौघडी घालून ती माझ्या हातात ठेवली.

"हा आमच्या घरचा काठ नोहे, बाई," ती हळूच म्हणाली. रागाने अजिबात नाही. "हे तू ने."

त्यांना नेलं. गल्लीच्या टोकाला गाडी वळेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग स्वारगेटची बस पकडली. कापलेल्या कडेचे धागे एकेक करून सुटत होते आणि माझ्या कुर्त्याला चिकटत होते. शेजारच्या बाईने ते दोन-तीनदा झटकायला सांगितलं.