बाबांचे विगवाले वकील

बाबांच्या वकिलीतून घरात उरलं ते एवढंच: इंग्लंडातल्या दोन जुन्या वकिलांच्या मेझोटिंट पद्धतीने छापलेल्या तसबिरी. दुर्गच्या कोर्टात बाबा ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या वकीलसाहेबांनी चेंबर बंद करताना त्या बाबांना दिल्या होत्या. डोक्यावर विग, गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या, आणि नजर अशी की जणू आम्हीच आरोपी. पहिल्यांदा घरी येणारा माणूस त्यांना आमचे पूर्वज समजून हात जोडायचा. तो गेला की आम्ही पोट धरून हसायचो.

बाबांना ही थट्टा खपत नसे. मेझोटिंटसाठी तांब्याचा पत्रा आधी सगळा खरबरीत करतात, तसाच छापला तर नुसता काळा कागद. मग जिथे उजेड हवा तेवढीच जागा घासून गुळगुळीत करतात, हे त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलं होतं. कुणी तसबिरींना हात लावला की ते घर डोक्यावर घ्यायचे.

लकव्यात त्यांची वाचा गेली. भिलाईतल्या रिसाली भागातल्या आमच्या घरी आईने तसबिरी त्यांच्या पलंगासमोर लावल्या. ते तिकडे टक लावून बघत राहायचे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "यायले सगळं समजते. आपले फोटो कसे ओळखून राहिले, पाहा!" डॉक्टर खात्री देत नव्हते. मीही तिच्या त्या आशेला धरून होते.

भिलाईत स्टील प्लांटची लाल धूळ कुठेही शिरते. आईने आयुष्यभर तिच्यावर एकच उपाय केला, ओलं फडकं. एका सकाळी काचेच्या आत धूळ दिसली म्हणून तिने एक फ्रेम मागून उघडली आणि साबणाच्या पाण्याने थेट कागदच पुसला. तिची हाक ऐकून मी धावले, तेव्हा फडकं काळं झालं होतं आणि वकिलाच्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग उरला होता.

"राहू दे आई, नको लावू आता," मी म्हटलं. तिने फ्रेम पुन्हा जागेवर लावलीच. मग बाबांसमोर उभी राहिली.

"अहो, म्याच खराब केला. ओरडा ना माह्यावर."

बाबा त्या डागाकडे बघत राहिले, रोज चेहऱ्याकडे बघायचे तसेच. मग दुसऱ्या तसबिरीकडे. तेही तसंच.

आईने फडकं धुऊन दोरीवर टाकलं. पुढेही ती रोज त्यांच्याशी बोलायची, भाजीचे भाव सांगायची, नातवाच्या शाळेचं सांगायची. फक्त त्यांना काही विचारणं तिने सोडून दिलं.