एकाच पतंगाची दोन नावं

श्रीधरने दक्षिण अमेरिका कधी पाहिली नाही. सिंगापूरच्या विद्यापीठात बसून तो इक्वेडोरहून आलेले, टाचणीला टोचलेले पतंग वर्षानुवर्षं न्याहाळत असे. त्यातला एखादा शास्त्राला अजून ठाऊक नसला, तर त्याचं रीतसर वर्णन करून त्याला नाव द्यायचं, हे त्याचं काम. पगार बेताचा, पण मान मोठा. हा मान त्याने एकदाच, २०१४ साली, घरासाठी वापरला आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

त्या वर्षी त्याला दोन नवे पतंग मिळाले. एक राखाडी, एक पिवळाधमक. बायकोचं नाव द्यावं तर आई रुसणार. आईचं द्यावं तर विनीता काही बोलणार नाही, पण भांडी आपटणार. म्हणून त्याने एकाच लेखात दोघींना उरकलं: राखाडी तो मधुमती, पिवळा तो विनीता. सिंगापुरातल्या सेम्बावांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सासू-सुनेने हा तह मान्य केला. मधुमतीबाईंनी तर पुण्यातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवला, रंगाबद्दल चकार शब्द न काढता.

तीन वर्षांनी डीएनएचा निकाल आला. दोन्ही पतंग एकाच जातीचे निघाले. पिवळा नर, राखाडी मादी. म्हणजे शास्त्राने सासू-सुनेचं लग्नच लावून दिलं होतं. आता जात एक, तर नावही एकच हवं. एरवी आधी छापलेलं नाव टिकतं. पण ही दोन्ही एकाच दिवशी छापलेली. अशा वेळी चूक सुधारणारा माणूस निवडेल ते नाव राहतं आणि दुसरं बाद होतं. चूक सुधारायची होती श्रीधरलाच.

काही दिवस तो तोंड लपवत हिंडला. घरी कोणी पतंगांचा विषय काढला की त्याला हटकून खोकला यायचा. शेवटी एका रविवारी जेवताना त्याने सगळं सांगून टाकलं.

विनीताने भाताचा डाव खाली ठेवला. ती चिडली नाही, याचीच त्याला धास्ती वाटली.

"आईंचं राहू दे," ती म्हणाली. "मला सवय आहे. लग्नात तुम्ही तांदळात अंगठीने 'विनीता' लिहिलंत, तेव्हा सुलेखा गेलीच की. मला विचारलं होतंत?"

तशी पद्धतच होती, असं काहीतरी पुटपुटत श्रीधरने आधारासाठी आईकडे पाहिलं. मधुमतीबाई ताक पीत होत्या.

"हिचंच ठेव," त्या म्हणाल्या. "मधुमती तरी माझं कुठे आहे? तेही तुझ्या वडिलांनी ठेवलेलं."

लोकांच्या पतंगांची दीडशे वर्षांपूर्वीची विसरलेली नावं उकरून काढणाऱ्या श्रीधरला पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

"मग तुझं आधीचं नाव काय, आई?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं. दोघी हसल्या.

"ते सुलेखाला विचार," त्या म्हणाल्या. "तिला माहीत आहे."