विहिरीपासून दोनशे दहा पावलं

"सुमे, काका गेला. आणि शववाहिनी हरवलीय." चुलतभाऊ बाळाचा फोन आला तो असा. काकूने ड्रायव्हरला पत्ता सांगितला होता : वडाच्या कट्ट्यावरून मिठागराच्या बांधाने सरळ ये, होड्या ओढायच्या उतरणीपाशी थांब. वड माझ्या जन्माआधी पडला, मिठागरावर टॉवर झाले... बिचारा ड्रायव्हर बोरिवलीभर फिरत राहिला. काकूचा काय दोष? तिचा सगळा संसार याच पत्त्यांवर झाला होता. रडता रडता मला हसू फुटलं, तर पलीकडे बाळाही हसत होता.

खाडीतली मासेमारी सुटल्यावर जनाकाकांनी एक लांबट वही सुरू केली. आमच्या कोळीवाड्यातल्या बुजलेल्या तळ्यांची, शेतांची, दगडांची नावं ते म्हाताऱ्यांकडून काढून घेत. एका तळ्याच्या नावावरून दोघी आज्या भांडल्या, तेव्हा त्यांनी दोन्ही नावं लिहिली आणि दोघींचे अंगठे घेतले. प्रत्येक ठिकाण उरलेल्या एकुलत्या विहिरीपासून पावलांनी मोजलेलं. मी टेप आणून दिली, तर म्हणाले, "टेप हरवते गो. पाय कुठं हरवणार?"

वहीत पहिला मान शिवेच्या दगडाचा, म्हणजे गावाची हद्द राखणाऱ्या देवाचा. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे पहिला नारळ त्याला, मग खाडीला. दगड आता एका सोसायटीच्या पार्किंगखाली गाडला गेलाय. पहिल्या वर्षी काका बरोबर दोनशे दहा पावलं मोजून एका भल्यामोठ्या गाडीपुढे उभे राहिले आणि सेक्रेटरीला म्हणाले, "गाडी काढ. देवाच्या डोक्यावर लावलीस." गाडी निघाली, नारळ फुटला.

पुढे काकांचे गुडघे गेले. पावलं आखूड झाली, आकडा मात्र तोच. त्यामुळे दगड दरवर्षी विहिरीकडे येऊ लागला... गाडीवरून स्कूटरींपाशी, तिथून वॉचमनच्या केबिनपाशी.

"काका, देव सरकतोय," मी म्हटलं.

"देव नाय सरकत. सोसायटीवाले सरकवतात."

गेल्या वर्षी दोनशे दहावं पाऊल केबिनच्या दारात पडलं आणि काकांना धाप लागली. वॉचमनने आपली खुर्ची दिली. तीत ऐसपैस बसून म्हणाले, "बघ, देवाने खुर्ची पाठवली."

हॉस्पिटलात त्यांनी वही माझ्या हातात दिली. "दगड चुकवू नको गो," एवढंच म्हणाले. मी त्यांचा हात धरून हो म्हटलं.

काका गेल्यानंतर तीन आठवड्यांनी पौर्णिमा आली. नारळ घेऊन सगळा वाडा माझ्या मागे. खरी जागा मला ठाऊक होती. माझे गुडघे धड आहेत. सेक्रेटरीने तर न सांगता ती मोठी गाडीही काढून ठेवली होती. मी मोजत निघाले. एकशे चाळीसला केबिन आली. दाराबाहेर ती खुर्ची मांडलेली होती, पुसून, वर झेंडूचं एक फूल. वॉचमन हात जोडून बाजूला उभा.

मला पुढचा आकडाच सुचेना.

"दोनशे दहा," मी मोठ्याने म्हणाले.

बाळाने माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. "झालं ना, आता फोड," तो म्हणाला, आणि नारळ माझ्या हातात दिला. नारळ खुर्चीच्या पायाशी फुटला.

घरी येऊन वही उघडली. आकडा आता खरा राहिला नाही म्हणून दगडाच्या नोंदीवर काट मारायला पेन काढलं, पण हात होईना. 'विहिरीपासून दोनशे दहा पावलं' याच्यापुढे थोडी जागा होती. तिथे मी लिहिलं : जनाकाकांची.