शेजारच्या कापाची नक्कल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या डॉक्टरांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

परभणीतल्या एका स्कॅन सेंटरवर मी टेक्निशियन आहे. मशीन छातीचे पातळ काप केल्यासारखे फोटो काढतं. जागा पुरावी म्हणून त्या फायली मी दाबून लहान करून ठेवतो. गाठ शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तशा चालत नाहीत, म्हणून पुन्हा उलगडून देतो. हे काम आमच्यात मला एकट्याला येतं. वासरात लंगडी गाय शहाणी — पण तोरा केवढा होता मला त्याचा!

येलदरीच्या धरणावर मासे धरणारे एक गृहस्थ खोकला घेऊन आले होते. सोबत बायको, सुमनबाई. त्यांच्या फायली उलगडताना मधले तीन-चार काप उघडेचनात. दाबताना माझ्याच हातून बिघडले होते, आणि मशीनवरची मूळ प्रत मी पुसून बसलो होतो. काप सलग नसले की सॉफ्टवेअर अडून राहतं. मग काय करायचं होतं? त्यांना परत बोलवायचं, आणि का बोलावलं ते डॉक्टरांना सांगायचं. एवढंच ना?

मी शेजारच्या कापाची नक्कल केली. नंबर बदलून रिकाम्या जागी बसवली. सॉफ्टवेअरनं मुकाट घेतली. डॉक्टरांनी तेच फोटो पाहून सही केली — छाती साफ.

दिवाळीनंतर ते पुन्हा आले, तेव्हा गाठ होती. नक्कल बसवली होती तिथंच. चांगली वाढलेली. डॉक्टरांनी जुना स्कॅन उघडला, मागच्या वेळी काहीच नव्हतं म्हणाले, खोकला अंगावर काढला म्हणून बाईंवर चिडले.

"आमचंच चुकलं, साहेब. रिपोर्ट चांगला हाय म्हनून आमी गप बसलो," बाई म्हणाल्या.

मी दार धरून उभा होतो. पावसाळ्याआधी ते गृहस्थ वारले.

नोकरी सोडावी, तर माझ्या जागी येणारा जुन्या फायली उघडेल. त्या नकला अजून तशाच आहेत. पुसाव्या म्हटलं, तर हात धजत नाही. आणि सुमनबाई? गावातलं कुणी आजारी पडलं की त्या घेऊन येतात, माझंच नाव सांगतात. भित्रा माणूस आहे मी, हे त्यांना कुणी सांगायचं?

परवा मुलाला घेऊन आल्या. त्यालाही खोकला. "भाऊ, तुमच्याच हातानं करा."

केलं. फायली उलगडल्या, एकेक काप डोळ्यांखालून घातला, सगळे आहेत याची खात्री केली. समोरचा चहा निवायच्या आत झालं. तेव्हाही मूळ प्रत पुसण्याआधी हे बघायला एवढाच वेळ लागला असता.

बाहेर आलो. मुलाची छाती साफ होती. बाईंनी हात जोडले, मरळ माशांची पिशवी पुढं केली. "ते असते तर सोता घेऊन आले असते," म्हणाल्या.

मी पिशवी घेतली.