रबरी नळ्यांच्या कारखान्यातले चार उद्या

लोरेन हुडाक नेमकं काय काम करते, हे तिच्या नवऱ्याला, गसला, कधीच कुणाला धड सांगता आलं नाही. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये होलुबकी वळायला शेजारपाजारचे जमायचे. तिथं कुणी विचारलंच तर तो बेधडक सांगायचा, "कंपन्यांना भविष्य सांगते आमची ही."

कोबीच्या पानात भात आणि खिमा भरता भरता लोरेन पलीकडच्या टेबलावरून ओरडायची, "सांगत नाही रे बाबा! सांगता येत नाही, एवढंच जाऊन सांगते."

"बघा," गस म्हणायचा, "आणि एवढ्यावर आमचं घर चालतं."

रबराचं गाव म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅक्रनमध्ये वाढलेल्या बहुतेकांसारखी लोरेनही रबराच्याच धंद्यात लागली होती. एका मोठ्या कंपनीच्या नियोजन विभागात ती बसायची. पुढच्या पाच वर्षांत किती माल खपेल, हे तो विभाग दशांश चिन्हासकट सांगायचा. आकडे देखणे असायचे, साहेब मंडळी खूश असायची आणि खरं काय घडलं ते कुणी मागं वळून पडताळायचं नाही. एका मार्चमध्ये कंपनीनं तो विभागच बंद केला. सगळे आपापली खोकी घेऊन पार्किंगमध्ये उभे होते, तेव्हा लोरेनला एकदम हसू फुटलं. पुढचं बघायला बसवलेल्या माणसांना स्वतःची गच्छंती दिसली नव्हती. बाकीच्यांना वाटलं, धक्क्यानं हिचं डोकं फिरलं. ती मात्र घरी पोचेपर्यंत हसत होती, आणि त्या रात्री तिला झोपही छान लागली.

पुढं क्लीव्हलंडच्या एका लहानशा सल्लागार कंपनीत तिला वेगळीच रीत शिकायला मिळाली. उद्या काय होणार, याचा एकच अंदाज बांधून बसायचं नाही. एकमेकांपासून अगदी निराळे असे तीन-चार उद्या कल्पायचे, प्रत्येकात थोडं राहून यायचं, आणि मग आज काय केलं तर कुठल्याही उद्यात आपण तग धरू, ते ठरवायचं. लोरेनला हे मनापासून पटलं. काही वर्षांनी तिनं याच कामाचं स्वतःचं दुकान थाटलं. दुकान म्हणजे ती, तिची जुनी गाडी आणि जाड मार्करांचा एक डबा.

तिच्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं काम कुठलं, असं विचारलं तर ती प्रूइट भावंडांचं नाव घेते. बार्बर्टनला त्यांचा रबरी नळ्यांचा कारखाना होता. पेट्रोल पंपावर गाडीत पेट्रोल भरायची जी काळी जाड नळी असते, ती तिथं बनायची. धाकटा वेंडेल कारखाना बघायचा, थोरली जेनेट, त्याची जेनी, विक्री. जेनेटचं म्हणणं, विजेच्या गाड्या येताहेत, अर्धा कारखाना आत्ताच विकून टाकू. वेंडेलचं म्हणणं, पेट्रोल कुठं जात नाही, जेनीनं उगाच घाबरवू नये. दोन वर्षं नुसती वादावादी चालली होती. शेवटी जेनेटनंच लोरेनला फोन केला.

पहिल्याच बैठकीत वेंडेल हाताची घडी घालून बसला. "बोला बाई. दहा वर्षांनी पेट्रोल पंप असतील की नसतील?"

"मला माहीत नाही," लोरेन म्हणाली.

"नाही?" तो बहिणीकडं वळला. "जेनी, ठाऊक नाही हे सांगायला बाहेरून माणूस आणलास? ते तर मीही सांगितलं असतं."

"तू कधी सांगितलंस? तुला तर सगळंच ठाऊक असतं," जेनेट म्हणाली, आणि तिनं कागदांची एक जाडजूड चळत टेबलावर आपटली. कॉम्प्युटरच्या एआयकडून तिनं कंपनीची पुढची दिशा लिहून घेतली होती. चहा होईपर्यंत तयार झाली, असं ती कौतुकानं म्हणाली.

लोरेननं ती चाळली. "सुबक लिहिलंय. दोघांनी वाचलंत?"

"वाचलं," जेनेट म्हणाली.

"वरचं पान," वेंडेल म्हणाला.

"मग तूर्तास बाजूला ठेवू या. मला सांगा, तुमच्या धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी आणि तुम्हाला अजिबात ठाऊक नसलेली गोष्ट कुठली?"

या प्रश्नावर दुपार गेली. खात्याखात्यातली माणसं बोलावली होती, तीही हळूहळू बोलायला लागली. शेवटी दोन गोष्टी उरल्या. विजेच्या गाड्या लवकर येतील की रेंगाळतील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि गिऱ्हाईक जवळच्या कारखान्याकडून घेत राहील की समुद्रापलीकडून स्वस्तात मागवेल, हेही नाही. या दोन्हींच्या उलटसुलट जोड्या लावल्या की चार उद्या होत होते. लोरेननं खोलीचे चार कोपरे चार उद्यांना वाटून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माणसंही वाटली. पेट्रोल टिकून राहिलेल्या कोपऱ्यात जेनेट. आणि वीज झपाट्यानं आलेल्या कोपऱ्यात वेंडेल.

वेंडेल उठला आणि बाहेर चालता झाला. खोलीत कुणी कुणाकडं बघेना. असं काम एकदा फिसकटलं की पुन्हा जमत नाही, हे लोरेननं पाहिलं होतं. ती त्याच्या मागोमाग गेली. तो माल चढवायच्या धक्क्यापाशी उभा होता.

"मी त्या कोपऱ्यात उभा राहिलो," तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "की झालं. पुढच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला, घरचे सगळे जमले की टर्की कापता कापता ती सगळ्यांना सांगणार, वेंडेलनं शेवटी कबूल केलं."

"ती तुमच्या कोपऱ्यात उभी आहे की."

"कोण, जेनी?"

"हो. तोंड तर बघा तिचं. एरंडेल प्यायल्यासारखं झालंय."

वेंडेलनं दारातून आत डोकावलं. जेनेट खरंच कोपऱ्यात हात बांधून, शिक्षा झाल्यासारखी उभी होती. त्याला हसू आवरेना. "हे बघायला तरी येतो," म्हणत तो आत आला.

लोरेननं सगळ्यांना एकच काम दिलं. आपापल्या उद्यातला एक साधा मंगळवार सांगायचा. फोन कुणाचा येतो, ट्रकमध्ये काय चढतं, जेवताना कशावरून कुरकुर होते, एवढंच.

वेंडेलची पाळी आली. "मंगळवार," तो म्हणाला. "सकाळी फोन वाजत नाही." मग तो टेबलावरच्या फोनकडं बघत राहिला. तीस वर्षं तो या कारखान्यात होता, आणि न वाजणारा फोन त्यानं आज पहिल्यांदा ऐकला होता. लोरेन त्याला मदत करायला गेली नाही. थांबायचं कधी, हे तिला आता कळत होतं.

"पण मी घरी जाऊन बसत नाही," तो पुढं म्हणाला. "मी गाडी काढतो आणि त्या चार्जिंगच्या जागेवर जातो. ती जाड केबल हातात घेऊन बघतो. एवढी वीज तिच्यातून जाते, म्हणजे ती तापणार. तापणार म्हणजे गार करावी लागणार. आतून पाणी किंवा तसलंच काहीतरी खेळवत असतील. आणि ते खेळवायला..." तो ताडकन वळला. "जेनी! त्यात नळी असते!"

"दोन वर्षं मी दुसरं काय सांगतेय?" जेनेट कोपऱ्यातून ओरडली.

"तू क्रांती क्रांती करत होतीस. नळी असते हे एकदा तरी म्हणालीस का?"

सगळी खोली खो खो हसली. जेनेट आधी चिडली, मग तीही हसली. तिची पाळी आल्यावर तिनं नाइलाजानं सांगितलं, की तिच्या मंगळवारी खेड्यापाड्यांतले पंपवाले फोनवर फोन करताहेत, कारण घाबरून बाकीच्यांनी नळ्या करायचं सोडून दिलंय. "या कोपऱ्यात आपलं बरं चाललंय," ती पुटपुटली. "सांगायला जिवावर येतंय, पण चाललंय."

दिवस मावळेपर्यंत ठरलं. पेट्रोलच्या नळ्या चालू ठेवायच्या, काही विकायचं नाही. मागची रिकामी शेड झाडून घ्यायची आणि तिथं गार पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या करून बघायच्या, लहान प्रमाणात, अंगाशी येणार नाही अशा बेतानं. आणि दर महिन्याला एकदा बसून बघायचं, की वारं कुठल्या कोपऱ्याकडं वाहतंय.

पुढं घडलं ते भलतंच. विजेच्या गाड्या धड आल्या नाहीत, धड थांबल्याही नाहीत. पण कोलंबस शहराच्या बाजूला कॉम्प्युटरांची अवाढव्य गोदामं उभी राहायला लागली, आणि ते कॉम्प्युटर गार ठेवायला नळ्यांचे भारेच्या भारे लागू लागले. एका दुपारी वेंडेलचा फोन आला.

"बाई, हे तुमच्या चारांत नव्हतं."

"नव्हतं," लोरेन म्हणाली.

"म्हणजे तुम्ही चुकलात."

"साफ चुकले."

पलीकडून तो मनमुराद हसला. "मला तेवढं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. पण एक सांगतो. ऑर्डर घ्यायची का, यावर आम्ही दोघं एकाच बैठकीत हो म्हणालो. तेही आवाज न चढवता. शेड तयार होती, हात बसलेला होता. माल बघायला या. गसनाही आणा."

ती दोघं गेली. वेंडेलनं गसला नवी शेड अगदी कानाकोपऱ्यासकट दाखवली, आणि जेनेटनं मधे मधे त्याच्या चुका काढल्या. नंतर सगळे कोपऱ्यावरच्या हॉटेलात सावरक्राउटचे, म्हणजे आंबवलेल्या कोबीचे, तळलेले गोळे खायला बसले. वेंडेल आणि जेनेट आता मेक्सिकोत माल विकावा का, यावरून वाद घालत होते, आणि गंमत म्हणजे जेनेट धीर धरा म्हणत होती आणि वेंडेल निघा म्हणत होता. लोरेननं त्यात तोंड घातलं नाही. ती त्या दिवशी पाहुणी होती. तिनं आणखी एक गोळा उचलला, मोहरीच्या चटणीत बुडवला आणि खुर्चीला टेकून निवांत त्यांचं भांडण ऐकत राहिली.