फणसाचा ओला पलंग

उद्यमबागेतल्या एका फर्निचर कारखान्यात, माल बाहेर पडण्याआधी त्यातली खोट शोधणं हे माझं काम. टॉर्च आडवी धरली की फळीवरचे ओरखडे उठून दिसतात. सांध्यावरून नख फिरवलं की फट कळते. लाकडातला ओलावा मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी मीटरच्या दोन सुया टोचाव्या लागतात. आकडा बाराच्या वर गेला की माल परत. नातेवाईक मला बघितलं की म्हणतात, "आली बघा, खुर्च्या लपवा."

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं त्या पावसाळ्यात जांबोटीला, आमच्या गावी, बांधावरचा फणस वाऱ्यानं पडला. त्याच फणसाचा पलंग पोरीबरोबर निपाणीला सासरी जाणार, असं आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, लगेच जाहीर केलं. आमच्या घरी मुलीचा पलंग मांडवात मांडतात. बायका त्याला हळदीकुंकू लावतात, हात फिरवून बघतात, आणि मग तो टेंपोतून वरातीमागं सासरी जातो. लाकूड अनगोळच्या लाकूड गिरणीत कापून आणलं आणि गावच्या सुतारानं दिवाळीपर्यंत काम उरकलं. काम सुरेख होतं. आप्पा येताजाता पलंगावरून पंचा फिरवायचे.

लग्नाला आठवडा असताना मी गावी गेले. मीटर पर्समध्येच होतं. सुया टोचल्या, आकडा आला बावीस.

"आप्पा, लाकूड वलं हाय. निपाणीच्या उन्हाळ्यात भेगा पडतील."

"पोरीच्या पलंगाला सुया टोचतीस व्हय गं?" आप्पा चिडले. "आमच्या आज्ज्यानं काय मीटर लावून पलंग केलता?"

आज्ज्यांनी लाकूड दोन वर्षं माळ्यावर वाळवलं होतं, हे मी सांगितलं. ते त्यांनी ऐकून सोडून दिलं. मग मी म्हटलं, तडकलेल्या पलंगानं सासरी माहेरचं हसं होईल. हे मात्र त्यांना लागलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ओल्या लाकडाला हौस कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सुताराला बोलावून सांध्यांच्या खुंट्या काढून पलंग सुटा करायला लावला. हवा खेळावी म्हणून मधेमधे पट्ट्या घालून फळ्या माळ्यावर रचल्या. लग्न पलंगाशिवाय झालं. बायकांनी विचारायचं ते विचारलं, आप्पा "येतोय मागनं" म्हणत राहिले.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आकडा अकरावर आला. सुतारानं सांधे नव्यानं बसवले, पॉलिश झालं आणि मी स्वतः पलंग घेऊन निपाणीला गेले. इतका निर्दोष माल कारखान्यातही क्वचित बघायला मिळतो. बहिणीच्या खोलीत मात्र लोखंडी कॉट होती. लग्नाच्याच आठवड्यात तिच्या सासूबाईंनी ती आणली होती. त्यांनी आमचा पलंग बाहेर सोप्यात, आल्यागेल्याला बसायला ठेवून घेतला.

बहीण चहा घेऊन आली आणि माझ्याशेजारी त्या पलंगावर बसली. मी तिला सांधे दाखवायला लागले. तिनं थोडा वेळ बघितलं.

"आक्का, भेगा पडल्या असत्या तर मी वर चादर घातली असती गं," ती म्हणाली. "पन वरातीच्या दिवशी टेंपोतनं नुसती भांडी उतरली, ती सगळ्या गल्लीनं बघितली."

लाकडाबद्दल माझं काहीच चुकलं नव्हतं. तरी मला फार वाईट वाटलं, आणि सांध्यावरचा हात मी काढून घेतला.